ते इरलं कुठून आलं? मेळाव्याच्या आयोजकांना एक खुलं पत्र

पुण्यातल्या आपल्या ॲनिमे मेळाव्याच्या आयोजन समितीतल्या सगळ्या दादा-तायांना,

नमस्कार. आधीच सांगून टाकते, मेळाव्यात फिक (आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा) लिहिणाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दलचं हे पत्र भांडायला लिहिलेलं नाहीये. म्हणजे थोडं आहे, पण थोडंच. तोंडी सांगायला गेलं की तुम्ही सगळे इतके घाईत असता की "हो गं, पुढच्या वेळी नक्की बघू" यावर विषय संपतो, म्हणून लिहून देतेय, आणि उघड देतेय कारण हे माझ्या एकटीचं रडगाणं नाहीये, आपल्यात फिक लिहिणारे बरेच आहेत आणि सगळे एकेकटे कुरकुरतायत.

गेल्या ऑगस्टचा मेळावा आठवा. नदीकाठचा हॉल, बाहेर ढोलपथकांचा सराव चालू, आत कॉस्प्लेवाली, म्हणजे पात्रांसारखी नटलेली पोरंपोरी एका हाताने विग सावरत दुसऱ्या हाताने वडापाव खातायत, आणि डावीकडच्या अख्ख्या भिंतीवर फॅनआर्टची प्रिंट्स, प्रत्येकावर छोटा दिवा, खाली नावाची पाटी. फार सुंदर केली होती ती भिंत, मनापासून. पहिलं बक्षीस मिळालेलं चित्र तर कुणीच विसरणार नाही. हायक्यू या व्हॉलीबॉलवरच्या जपानी कार्टून मालिकेतला किता शिन्सुके भाताच्या खाचरात उभा आहे, तिरपा पाऊस, आणि डोक्यापासून पाठीवर इरलं. पळसाच्या पानांचं, बांबूच्या काड्यांचं. निवेदक दादाने स्टेजवर विचारलं, "हे काय घेतलंय त्याने, टोपली?" सगळे हसले. माझी मैत्रीण म्हणजे चित्र काढणारी म्हणाली, "नाही, ते इरलं आहे, भात लावताना घेतात, ते हिच्या फिकमध्ये आहे..." आणि "हिच्या" म्हणताना तिने माझ्याकडे हात केला, तोवर माईक पुढच्याकडे गेला होता.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हायक्यूचा मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, २०१२ ते २०२० चालला, ४५ खंड झाले, आणि त्यात किता हा इनारिझाकी शाळेच्या टीमचा कॅप्टन, तशी छोटीच भूमिका, पण ज्यांना आवडतो त्यांना जाम आवडतो. पुढे तो भातशेती करतो, आणि त्याच्या टीममधल्या मिया जुळ्यांपैकी ओसामू ओनिगिरीचं (भाताच्या गोळ्यांचं) दुकान काढतो आणि तांदूळ किताकडूनच घेतो, हे सगळं कॅनन, म्हणजे मूळ कथेतलं. पण इरलं कॅननमध्ये कुठेच नाही. कसं असेल? ते आहे माझ्या आजोळी, कामशेतच्या पुढे, दाराच्या मागे खिळ्याला टांगलेलं, आता कोणी वापरत नाही, सगळे प्लास्टिकचा कागद पांघरतात, पण आजी टाकूनही देत नाही. मी एयू (पात्रं तीच, जग वेगळं) लिहिली ज्यात ही सगळी पोरं मावळात आहेत. किताची आजी त्याला कॅननमध्ये शिन-चान म्हणते, माझ्याकडे ती त्याला "शिन्या" म्हणते (शिनचॅन ठेवलं असतं तर आपल्याकडे सगळ्यांना तो कार्टूनमधला क्रेयॉन शिनचॅनच आठवला असता). तांदूळ अर्थातच इंद्रायणी, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातनं १९८७ साली आलेला वाण, शिजला की चिकट होतो, ओनिगिरी वळायला एक नंबर, करून बघितलीये. आणि एका प्रसंगात आजी बांधावर भिजत बसलीये, किता लावणी अर्धी टाकून येतो, स्वतःचं इरलं काढून तिच्यावर ठेवतो आणि काही न बोलता परत चिखलात उतरतो. माझ्या मैत्रिणीने त्याच्या आधीचा क्षण काढला. इरलं अजून त्याच्याच पाठीवर आहे आणि तो मान वळवून चित्राच्या बाहेर कुठेतरी बघतोय. कुणाकडे बघतोय हे चित्रात नाहीच. ते माझ्या पान सातवर आहे.

पाटीवर काय होतं? चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, "हायक्यूवर आधारित". बास. तिने फॉर्ममध्ये फिकचं नाव लिहिलं होतं, मी स्वतः पाहिलंय, पण तुमच्या पाटीच्या साच्यात त्यासाठी ओळच नव्हती.

माझ्या फिकचं काय झालं तेही सांगते. कथास्पर्धेला २३ कथा आल्या होत्या, मर्यादा २००० शब्दांची. सगळ्यांनी मर्यादेपर्यंत लिहिलं असं धरलं तर ४६ हजार शब्द झाले. मिनिटाला २०० शब्द वाचले तरी पावणेचार तासांच्या वर जातं. परीक्षकांना गठ्ठा मिळाला त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आणि निकाल लागला पाऊण तासात. पुलाव खाता खाता. मी परीक्षकांना दोष देत नाहीये, बिचाऱ्यांना आयत्या वेळी धरून आणलं होतं. निकाल जाहीर झाला तो साउंडचेक चालू असताना, "हॅलो हॅलो, चेक वन टू, कथास्पर्धेत उत्तेजनार्थ..." आणि वर माझ्या कागदावर शेरा: "चांगला प्रयत्न, शेवट धूसर वाटला." मी चार दिवस तो शेवट उघडून बसले होते. धूसर कुठे आहे? आजी इरलं परत त्याला देते आणि एक वाक्य बोलते, इतका स्वच्छ शेवट मी आयुष्यात लिहिला नाहीये. मग कागद परत मिळाले तेव्हा कळलं. प्रिंटआउट पान सहावर संपत होता. सात आणि आठ निघालीच नव्हती. वर सहा पानांतही जोडाक्षरं फुटलेली, अर्ध्या ठिकाणी नुसते चौकोन. म्हणजे शेवट धूसर नव्हता, शेवट नव्हताच!

हसू आलं मला खरं तर. घरी आईला सांगितलं तर तीही हसली. पण नंतर डोक्यात तेच घोळत राहिलं, की एखाद्या चित्राचा खालचा एक चतुर्थांश भाग छापायचा राहिला असता तर भिंतीसमोरनं जाणाऱ्या पहिल्या माणसाने ओरडून सांगितलं असतं. कथेची दोन पानं गेली आणि कुणालाच कळलं नाही, परीक्षकालाही नाही.

चित्रवाल्यांवर माझा काडीचाही राग नाही हे मुद्दाम लिहितेय, कारण हे वाचून कोणीतरी "लेखक विरुद्ध आर्टिस्ट" अशी मॅच लावणार. त्यांचे हाल वेगळे आहेत. सही कापून चित्र पळवतात, कीचेन करून विकतात, आणि आता तर एआयने काढलेलं आणून शेजारी लावतात. कॉस्प्लेवाले महिनोन्‌महिने फोम कापत, गोंद हुंगत बसतात आणि लोक फोटो काढून नाव न विचारता जातात. मला हेही मान्य आहे की चित्र तीन सेकंदांत पोचतं आणि कथेला बसावं लागतं, मी स्वतः पण दहा फिक उघडते आणि दोन वाचते. आणि आपण लिहितो त्यातलं बरंचसं भंगार असतं, माझं पहिलं दीड वर्षाचं लिखाण कुणी काढलंच तर मी ओळख दाखवणार नाही. पण वाचायला वेळ लागतो एवढ्या एका गोष्टीवरनं तुम्ही आमचा मान कमी धरलात असं वाटतं. कारण बाकी काही फरक मला तरी दिसत नाही.

उलट काही गोष्टी फक्त लिहूनच होतात. इनारिझाकीची पोरं ह्योगोची आहेत, कानसाईची बोली बोलतात, टोकियोवाल्यांपेक्षा वेगळी. इंग्लिश सबटायटलमध्ये ते बहुतेक पुसलं जातं, सगळे एकसारखे बोलतात, आणि चित्रात तर आवाजच नाही. मी मराठीत लिहिताना हाच पहिला प्रश्न होता की यांना कुठली मराठी द्यायची. सदाशिव पेठी दिली असती तर मेलीच असती ती पोरं. मग मिया जुळ्यांना कोल्हापूरकडची दिली (मावळात कोल्हापूरची पोरं कशी आली याला मी अर्धं पान खर्च केलंय, वडिलांची बदली वगैरे), आणि किता अस्सल मावळी. जुळ्यांतला दुसरा, आत्सुमू म्हणतो, "आरं पर म्या म्हणलो व्हतो का न्हाई, ह्यो पाऊस थांबत नसतोय!" आणि त्यावर किता फक्त म्हणतो, "मग रोपं बी थांबायची न्हाईत." या एका ओळीसाठी मी मामाला तीन फोन केले. "रोपं" की "आवण", यावर मामा-मामीचं फोनवरच वाजलं. ही पण रिसर्चच आहे ना? कॉस्प्लेवाला बटणाचा रंग शोधतो तसंच आहे हे, फक्त ते फोटोत दिसत नाही.

किताचं नाव निघालंय तर एक सांगतेच. कॅननमध्ये हा मुलगा शाळेत दोन वर्षं टीमच्या साध्या जर्सीशिवाय काढतो. लादी पुसणं, बॉल पुसणं, घरी आजीला मदत, सगळं नीट, रोज, कोणी बघो न बघो. आजी म्हणायची कोणीतरी बघत असतंच. त्याला बघण्याचं काही पडलेलंच नसतं, नीट करायचं म्हणून तो करतो. आणि मग तिसऱ्या वर्षी त्याच्या हातात एक नंबरची, म्हणजे कॅप्टनची जर्सी येते आणि हाच मुलगा रडतो. मला तो प्रसंग वाचताना कळलं होतं की यात काही विसंगत नाहीये. कौतुकासाठी करत नव्हता हे पण खरं आणि जर्सी हातात आल्यावर डोळे भरले हे पण खरं. आम्ही रात्री एक वाजता फिक लिहितो ते तुमच्या सर्टिफिकेटसाठी नाही हो. पण सर्टिफिकेटवर माझं नाव "फॅनआर्ट सहभाग" म्हणून छापून आलं तेव्हा वाईट वाटायचं ते वाटलंच.

तुमच्यातल्या एका दादाने मला तेव्हा समजावलं होतं की "अगं ॲनिमे हे मुळात व्हिज्युअल माध्यम आहे, जपानमध्ये पण फॅनडम म्हणजे दोजिन्शी, म्हणजे कॉमिक." दादा, राग मानू नका, पण अर्धंच बरोबर आहे. आज दोजिन्शी म्हटलं की मांगाच डोळ्यांसमोर येतो हे खरं, पण तो शब्द आला कुठनं? दोजिन म्हणजे समान आवडीची मंडळी आणि शी म्हणजे नियतकालिक. मेइजी काळात हौशी लेखकांची टोळकी आपापली मासिकं काढायची, त्यातलं सगळ्यात जुनं म्हणून १८८५ सालच्या "गाराकुता बुन्को"चं नाव घेतात, म्हणजे साधारण "अडगळ ग्रंथमाला"! काय नाव आहे. लेखक आकुतागावांची "नाक" ही कथा १९१६ मध्ये अशाच एका दोजिन मासिकात आली आणि ती वाचून तेव्हाचे मोठे लेखक नात्सुमे सोसेकींनी त्या पोराला कौतुकाचं पत्र लिहिलं. म्हणजे दोजिन्शी आधी लिहिणाऱ्यांची होती, चित्रं नंतर आली. आणि कॉमिकेट, म्हणजे दोजिन्शींचा मोठा बाजार, जिथे २०१९ च्या डिसेंबरमध्ये चार दिवसांत साडेसात लाख लोक आले, ते २१ डिसेंबर १९७५ ला टोकियोत ३२ मंडळं आणि सातेकशे माणसं घेऊन सुरू झालं ते "मेइक्यू" नावाच्या गटामुळे, आणि मेइक्यू काय करायचे तर मांगाची समीक्षा. लिहायचे! चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा फॅनबाजार लिहिणाऱ्यांनी भरवला.

पिक्सिव्ह या जपानी चित्रांच्या साइटचं पण तेच. २००७ ला निघालं तेव्हा फक्त चित्रं होती, २०१० मध्ये त्यांनी कादंबऱ्या-कथांचा वेगळा विभाग काढला. त्यांना सुचलं तीन वर्षांत. आपला मेळावा सुरू होऊन पाच वर्षं झाली. (टोमणा आहे, हो.) आणि इंग्लिशमधलं आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे फिकचं संकेतस्थळ, २००९ पासून चालू, सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर, त्याला २०१९ चा ह्यूगो मिळाला, विज्ञानकथांतला इतका मोठा पुरस्कार, तेव्हा जगभरच्या फिकवाल्यांनी आपण सगळेच ह्यूगोविजेते म्हणून मिरवून घेतलं होतं. मी पण दोन दिवस स्टेटस ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही कशाचा ते.

पण जपानपर्यंत कशाला जायचं, बारामतीपर्यंत जाऊ. मोरोपंत. शाळेत केकावलीला कंटाळलो तेच. अठराव्या शतकात त्या माणसाने १०८ रामायणं लिहिली असं सांगतात, एकच कॅनन, एकशे आठ फिक, आणि प्रत्येकाला काहीतरी वेगळी अट घालून घेतलेली. त्यात एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे वाचताना ओठाला ओठ लागता कामा नये, प फ ब भ म बंद. आता रामायण लिहायचं आणि "म" बंद. म्हणजे रामाचं नावच घ्यायचं नाही! आपल्याकडे फिकवाले "फक्त संवाद", "फक्त शंभर शब्द" असली चॅलेंजं घेतात ना, हा बाबा अडीचशे वर्षांपूर्वी बसून हेच करत होता, पुणे जिल्ह्यात. "मुळात दुसऱ्याचीच पात्रं आहेत, त्यात लिहिणाऱ्याचं काय?" हे वाक्य मी मेळाव्यात दोनदा ऐकलं. पुण्यात राहून हे वाक्य कसं काय सुचतं लोकांना कळत नाही.

आणि "आजकाल कोण वाचतं" हेही मला सांगू नका. दिवाळीत अप्पा बळवंत चौकात जाऊन उभे राहा, अंकांचे गठ्ठे घेऊन जाणारी माणसं बघा, त्यांना जागा आणि वेळ दिला की वाचतात. आपल्या हॉलमध्ये बसून वाचायला एक खुर्ची नव्हती, सगळ्या स्टेजसमोर लावलेल्या. आमच्या कथा कुठे होत्या सांगू? नोंदणीच्या टेबलावर, पाण्याच्या जारच्या शेजारी, एका स्पायरल फाइलमध्ये. संध्याकाळपर्यंत फाइल ओली झाली होती.

तर मागणं काय आहे. सगळ्यात आधी पाटीवर एक ओळ वाढवा, "मूळ कथा" म्हणून, ज्या चित्राला, कॉस्प्लेला किंवा एएमव्हीला (ॲनिमेची दृश्यं गाण्यावर जोडून केलेला व्हिडिओ) कुणाच्या फिकचा आधार असेल तिथे ते नाव यावं, आणि उलटही, एखादं चित्र बघून फिक सुचली असेल तर कथेवर चित्रकाराचं नाव. याला एक रुपया लागत नाही. दुसरं, कथा पंधरा दिवस आधी मागवा आणि परीक्षकांना तेव्हाच द्या, पीडीएफ करून द्या म्हणजे अक्षरं फुटणार नाहीत, आणि एकाने पानं मोजावीत, एवढं तरी. परीक्षकांनी प्रत्येक कथेवर दोन ओळी लिहाव्यात, वाईट असल्या तरी चालतील, चित्रवाल्यांना भिंतीसमोर उभं राहून लोकांचे चेहरे तरी बघता येतात, आम्हाला तेवढंही मिळत नाही. मराठी कथा वेगळ्या वाचा, इंग्लिश वेगळ्या. गेल्या वर्षी मराठीत सात होत्या आणि तिन्ही परीक्षक मराठी असूनही माझं उत्तेजनार्थ सोडलं तर एकही आली नाही निकालात, त्याबद्दल मी आत्ता काही बोलत नाही.

स्टेजवर अभिवाचन ठेवा असं काही जण म्हणतात. माझं मत विचाराल तर नको. ढोलाच्या आवाजात, एएमव्ही आणि कॉस्प्ले वॉकच्या मधे, कोणी पाच मिनिटं कथा वाचणार म्हणजे लोकांना चहाची सुट्टी. त्यापेक्षा एक कोपरा, चार खुर्च्या, एक चटई, आणि एक छोटा अंक. अंकाचं मी बघून ठेवलंय. ए फोरचे आठ कागद पाठपोट छापून मधोमध दुमडले की बत्तीस पानांची वही होते, दोन पिना मारल्या की झालं, लांब दांड्याचा स्टेपलर आमच्या क्लासमध्ये आहे, मागितला तर देतील. पाच-सहा कथा आरामात बसतात. मुखपृष्ठ माझी मैत्रीण करते म्हणालीये, फुकट, पण एका अटीवर, तिचं नाव मोठ्या अक्षरात आलं पाहिजे. मी म्हणलं, येणारच.

जुळवाजुळव, प्रूफ, झेरॉक्सवाल्याकडे बसणं हे आम्ही पाच जण करू, त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका. तुम्ही फक्त कागदाचा खर्च आणि एक टेबल द्या. पाण्याच्या जारपासून लांब.

आणि यंदा कोणीतरी स्टेजवर इरल्याबद्दल विचारणारच असेल तर आजीला विचारून ठेवलंय, ती द्यायला तयार आहे, एका दिवसासाठी, "पान तुटलं तर बघ" अशा धमकीसह. भिंतीवर त्या चित्राच्या शेजारी लावता येईल. खिळा जरा मोठा लागेल.

कळावे,
उत्तेजनार्थवाली

सोबत: कथेचं पान सात आणि पान आठ.